पांगुळगाडा : 'द अँक्शस जनरेशन' वाचताना



आज आपण एका पुस्तकाची समीक्षा करणार आहोत. जोनाथन हाइट हे न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवणारे सामाजिक मानसशास्त्रज्ञ. त्यांचं 'द अँक्शस जनरेशन' हे पुस्तक मार्च २०२४ मध्ये आलं. आता आपल्याकडच्या पालकसभांमध्येही त्याचं नाव ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ते एकाच वाक्यात ऐकू येतं : मुलांच्या हातातला मोबाइल काढून घ्या. पुस्तकाचं म्हणणं एवढंच असतं, तर तासभर बोलायची गरज नव्हती. पण या पुस्तकाला दोन बाजू आहेत, आणि आपण त्यातली सोयीची तेवढी उचलली आहे. मोबाइलवाली बाजू मुलांना काहीतरी करायला सांगते. दुसरी बाजू मोठ्यांना सांगते, म्हणजे आईबाप, आजीआजोबा, शिक्षक, तुम्ही-आम्ही सगळ्यांना. ती बाजू अशी, की आपण मुलांना फार जपतो, आणि त्या जपण्यानेच ती घाबरट होतात.

आज आपण तीन गोष्टी करू. पुस्तक नेमकं काय म्हणतं ते समजून घेऊ. त्यातला युक्तिवाद कुठे टिकतो आणि कुठे ढिला पडतो ते तपासू. आणि शेवटी तो आपल्या घरात आणून ठेवू, कारण अमेरिकेतलं घर आणि आपलं घर यांत एक मोठा फरक आहे, आणि आमच्या मते खरा प्रश्न त्या फरकातच आहे.

पुस्तक काय म्हणतं

हाइट यांची मांडणी थोडक्यात अशी. अमेरिकेत १९८०-९० च्या दशकांपासून मुलांचं मोकळं खेळणं कमी होत गेलं. पळवून नेणाऱ्या अनोळखी माणसांची भीती वाढली, गाड्या वाढल्या, मुलं घरात आली. मग २०१० ते २०१५ या पाच-सहा वर्षांत स्मार्टफोन आणि समाजमाध्यमं त्यांच्या खिशात गेली. खेळावर उभं असलेलं बालपण फोनवर उभं राहिलं. म्हणजे बाहेरच्या जगात मुलांना अति जपलं आणि पडद्याच्या जगात अजिबात जपलं नाही. याच काळात तिकडच्या किशोरवयीन मुलांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, चिंता आणि नैराश्य वाढलेलं दिसतं. हाइट या दोन गोष्टी जोडतात.

ते चार उपाय सुचवतात. साधारण चौदा वर्षांपर्यंत स्मार्टफोन नको, सोळापर्यंत समाजमाध्यमं नकोत, शाळेत फोन नको, आणि चौथा उपाय म्हणजे मुलांना कितीतरी जास्त मोकळा खेळ आणि स्वातंत्र्य. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी समाजमाध्यमं बंद करणारा कायदा केला. चर्चा पहिल्या तीन उपायांची होते. चौथ्याचा कायदा कोण करणार? तो तर घरातच करायचा आहे.

या चौथ्या उपायाला पार्श्वभूमी आहे. २००८ साली लेनोर स्केनेझी या न्यूयॉर्कच्या स्तंभलेखिकेने आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला भुयारी रेल्वेने एकट्याला घरी येऊ दिलं आणि त्यावर लिहिलं. मुलगा आनंदात घरी पोचला, आणि आई मात्र 'अमेरिकेतली सगळ्यात वाईट आई' म्हणून देशभर गाजली. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, युटा राज्याला कायदाच करावा लागला : जाणत्या वयाचं मूल एकटं शाळेत गेलं, बागेत खेळलं, तर ती पालकांची हेळसांड समजायची नाही. विचार करा मंडळी, मूल चालत शाळेत जाऊ शकतं हे कायद्यात लिहायची वेळ आली.

इंग्लंडमधली मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची पाहणी आणखी बोलकी आहे. १९७१ साली तिथली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात. १९९० पर्यंत हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं. सरकार सांगत होतं, की रस्त्यावरच्या अपघातांत मुलांचे मृत्यू घटले आहेत, रस्ते सुरक्षित झाले आहेत. हिलमन यांनी विचारलं, रस्ते सुरक्षित झाले, की रस्त्यावरून मुलंच काढून घेतली? धोका निर्माण केला गाड्यांनी, आणि स्वातंत्र्य गेलं मुलांचं. हा प्रश्न आपण लक्षात ठेवू, पुढे लागेल.

युक्तिवाद तपासून पाहू

आता समीक्षेकडे येऊ. हाइट यांच्या विचाराचा पाया एका कल्पनेवर आहे. ती नसीम तालेब यांची. काही वस्तू काचेसारख्या, धक्क्याने फुटतात. काही दगडासारख्या, धक्का सोसतात. आणि काही अशा, की धक्का मिळाला तरच वाढतात. हाडं, स्नायू, आपली रोगप्रतिकारशक्ती. हाइट म्हणतात, मूल या तिसऱ्या जातीचं आहे. त्यांचा आवडता दाखला शेंगदाण्याचा. ॲलर्जी होईल म्हणून पाश्चात्त्य देशांत तान्ह्यांना शेंगदाण्यापासून दूर ठेवलं जाई. २०१५ साली इंग्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा वर्ज्य, निम्म्यांना नियमित थोडाथोडा. पाच वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर वर्ज्य गटात साधारण १७ टक्के मुलांना ॲलर्जी, खाणाऱ्या गटात ३ टक्क्यांच्या आसपास. जपल्यामुळेच रोग वाढला! शेंगदाण्याच्या कुटाशिवाय ज्यांची भाजी होत नाही, अशा आपल्यासारख्यांना हे वाचून थोडं हसू येईल.

दाखला उत्तम आहे. पण दाखला म्हणजे सिद्धान्त नव्हे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही पहिली सवय लावत असू ती ही, की उपमा कुठपर्यंत चालते ते पाहायचं. वाऱ्याने झाडाचं खोड घट्ट होतं, हे खरं. चक्रीवादळाने झाड मुळासकट उपटतं, हेही खरं. मग मुलाच्या आयुष्यातला कुठला वारा आणि कुठलं वादळ, हे ठरवायचं कसं? घरातली मारहाण, वर्गात जातीवरून झालेला अपमान, उपासमार, यांनी मूल मजबूत होत नाही, खचतं. 'धक्के खाल्ले म्हणून आम्ही घडलो' असं छाती काढून सांगणारे सगळे, धक्क्यातून वाचलेले असतात. जे मोडले, ते सांगायला व्यासपीठावर येत नाहीत. या ठिकाणी हाइट यांची उपमा आपल्याला निकष देत नाही.

निकष आपणच शोधू. आमच्या मते, मुलाला वाढवणाऱ्या धक्क्याला तीन लक्षणं असतात. एक, त्यात मुलाचा स्वतःचा काही निर्णय असतो. झाडावर किती उंच चढायचं हे त्याने ठरवलेलं असतं. दोन, काय झालं आणि का झालं हे त्याला समजतं. फांदी वाळकी होती, म्हणून मोडली. आणि तीन, त्यातून परत येता येतं. गुडघा फुटतो, खपली धरते, पुढच्या आठवड्यात पोरगं पुन्हा झाडावर. सूरपारंब्या घ्या, विटीदांडू घ्या, लपंडाव घ्या, तिन्ही लक्षणं सापडतील. अपमानात किंवा मारहाणीत यातलं एकही सापडत नाही. निर्णय दुसऱ्याचा, कारण कळत नाही, आणि परतीची वाट नाही.

दुसरा आक्षेप कार्यकारणाचा. फोन आले आणि नंतर चिंता वाढली, म्हणून फोनमुळे चिंता वाढली, हा तर्कशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या काही पानांतच येणारा दोष. हाइट एवढे भोळे नाहीत, ते बरेच अभ्यास मांडतात. पण मानसशास्त्रज्ञ कँडिस ऑजर्स यांनी 'नेचर'मधल्या परीक्षणात स्पष्ट म्हटलं, की फोन हेच या साथीचं कारण आहे, असं म्हणायला पुरावा पुरेसा नाही. पीटर ग्रे यांचा आक्षेप तर घरातलाच. मुलांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणारी 'लेट ग्रो' ही संस्था ग्रे, हाइट आणि स्केनेझी यांनी मिळून काढलेली. तेच ग्रे म्हणतात, की फोनवर सगळं खापर फोडू नका. शाळेचा वाढलेला दाब आणि हिरावलेलं स्वातंत्र्य ही कारणं जास्त मोठी आहेत.

मग पुस्तक बाजूला ठेवायचं का? नाही. कारण चौथा उपाय या आकडेवारीवर अवलंबूनच नाही. फोनचा शोध लागायच्या कितीतरी आधी तत्त्वज्ञांनी तो मांडून ठेवला आहे.

कांटचा गाडा आणि मिलचं आजारपण

इमॅन्युएल कांट यांचा १७८४ सालचा एक प्रसिद्ध निबंध आहे, 'प्रबोधन म्हणजे काय?' त्यात ते म्हणतात, की माणसं आयुष्यभर अज्ञान राहतात, याचं कारण बुद्धीची कमतरता हे नाही. दुसऱ्याच्या मार्गदर्शनाशिवाय बुद्धी वापरायचं धैर्य नसतं, हे कारण. आणि या अज्ञानांचे पालक काय करतात? त्यांना चालायच्या गाड्यात बंद करतात आणि एकटं चाललात तर काय काय होईल याची भीती घालतात. खरं तर चारदोनदा पडून माणूस चालायला शिकतोच. पण एकदा भीती बसली, की तो पुन्हा प्रयत्न करत नाही. कांट राजकारणाबद्दल आणि धर्माबद्दल बोलत होते, पण रूपक त्यांनी घेतलं ते लहान मुलाचं.

आता गंमत बघा. कांट यांच्या काळातला हा गाडा म्हणजे चाकांवरची चौकट, मूल तिच्या आत. आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल आत नसतं, मागे उभं असतं. दांडा धरतं, ढकलतं, आणि हवं तेव्हा सोडतं. सोडलं की कधी आपटतं. गाडा आधार देतो, कोंडत नाही. अलीकडचा प्लॅस्टिकचा गोल वॉकर पुन्हा कांट यांच्या गाड्यासारखा, मूल मधोमध बसवलेलं. तो सुरक्षित म्हणून विकला जातो, पण त्यातून मुलं जिन्यावरून कोसळायला लागली, म्हणून कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आधार आणि कोंडणं यांतला हा फरक आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

दुसरा दाखला जॉन स्टुअर्ट मिल यांचा. वडील जेम्स मिल यांनी मुलाचं शिक्षण पूर्णपणे आपल्या हातात घेतलं. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन. इतर मुलांच्या संगतीत बिघडेल म्हणून खेळगडी नाहीत, सुट्टी नाही. मुलगा विलक्षण विद्वान झाला, आणि विसाव्या वर्षी, १८२६ मध्ये, कोसळला. आपण ज्या ध्येयांसाठी जगतो आहोत ती सगळी उद्या पुरी झाली, तर आपल्याला आनंद होईल का, असं त्याने स्वतःला विचारलं; आतून उत्तर आलं, नाही. पुढचे कित्येक महिने काळोखात गेले. नंतर आत्मचरित्रात मिल यांनी लिहून ठेवलं आहे, की वडिलांच्या शिक्षणाने आपल्याला जाणायला शिकवलं, करायला तेवढं नाही. कर्तबगार आईबापांची मुलं पुष्कळदा निरुत्साही निघतात, कारण त्यांच्या वाटचा उत्साह आईबापच वापरून टाकतात, अशा आशयाचं त्यांचं निरीक्षण आहे.

मंडळी, जेम्स मिल यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता.

आपल्या घरात

आता आपल्या घराकडे येऊ. अमेरिकन पालकाची भीती मुख्यतः अनोळखी माणसाची. आपल्या मध्यमवर्गीय पालकाची भीती कशाची? मूल मागे पडेल याची. त्यामुळे आपलं जपणंही वेगळ्या आकाराचं झालं आहे.

काय काय आपण मुलांकडून काढून घेतलं, त्याची यादी करून बघा. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणणं आणि सुट्टे पैसे मोजून घेणं. सायकल पंक्चर झाली तर ती ढकलत आणणं. दोन पोरांचं भांडण झालं, तर ते आता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आया सोडवतात. शाळेचा प्रकल्प बाबा करतात आणि बक्षीस मुलाला मिळतं. दिवाळीचा किल्ला बघा. माती कालवायची, दगड रचायचे, बुरूज ढासळला की पुन्हा उभा करायचा, मोहरी पेरून हिरवळ यायची वाट बघायची. चार दिवसांचं हे काम म्हणजे अपयशाची केवढी मोठी शाळा होती! आता रस्त्याच्या कडेला तयार किल्ला मिळतो, घरी आणून ठेवला की झालं. तो ढासळत नाही, आणि पोराला काही शिकवतही नाही. कॉलेजात शिकवत असताना आम्ही पाहिलं आहे, की प्रवेशाच्या खिडकीशी वडील उभे, विषय वडील सांगताहेत, आणि अठरा वर्षांचा मुलगा शेजारी गाडीची किल्ली फिरवत उभा.

हे सगळं प्रेमापोटी होतं, यात शंका नाही. 'अभ्यास तेवढा कर, बाकी आम्ही बघतो.' केवढं प्रेमळ वाक्य! पण त्याचा दुसरा अर्धा भाग ऐका. बाकी सगळं आम्ही बघतो, म्हणजे तुझ्याकडे राहिला फक्त अभ्यास. तिथे मात्र आम्ही तुला वाचवू शकत नाही. दहावी, बारावी, जेईई, नीट. लातूर पॅटर्न, नाहीतर कोटा.

आमचं आजचं मुख्य म्हणणं इथे आहे. आपल्याकडे अतिसंरक्षणाचा अर्थ मुलाला सगळ्यापासून वाचवणं असा होत नाही. आपण त्याची सगळी लहान पडणी काढून घेतो आणि एकच मोठं पडणं शिल्लक ठेवतो. सतरा वर्षं ज्याला पडू दिलं नाही, त्याला अठराव्या वर्षी थेट कड्यावर नेऊन उभं करतो. मघाचे तीन निकष लावून बघा. प्रवेशपरीक्षेत बहुतेकदा निर्णय मुलाचा नसतो. नापास का झालो, हे लाखोंच्या गर्दीत धड कळत नाही. आणि परतीची वाट आहे, असं त्याला कोणी पटवून दिलेलं नसतं. म्हणजे वाढवणारे धक्के आपण काढले आणि मोडणारा तेवढा ठेवला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांमध्ये महाराष्ट्र सर्वांत वर होता, १,७६४. हे आकडे सांगताना जपून बोललं पाहिजे. आत्महत्येला एकच कारण कधी नसतं. आजार असतो, घरची परिस्थिती असते, कर्ज असतं, अपमान असतो. या आकड्यांना अतिसंरक्षणाचं एकच लेबल चिकटवलं, तर हाइट यांच्यावर घेतलेला आक्षेप आपल्यालाच लागू होईल. पण एक गोष्ट म्हणता येते. अपयशानंतरही दुसरा दिवस उजाडतो, ही माहिती सगळ्यांकडे असते. तिचा अनुभव मात्र लहानपणी दहा वेळा घ्यावा लागतो. ॲरिस्टॉटल म्हणत, की शूर कृत्यं करत करतच माणूस शूर होतो, व्याख्यान ऐकून होत नाही. तसंच हे.

आणि आपण उपाय काय करतो? ऑगस्ट २०२३ मध्ये कोट्याच्या जिल्हा प्रशासनाने वसतिगृहांतल्या छताच्या पंख्यांना स्प्रिंग लावायचा आदेश काढला. याची चेष्टा करू नये. घातक साधन हाताशी नसलं, तर संकटाचा क्षण टळतो आणि जीव वाचतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. पण त्या खोलीत मूल का बसलं आहे, या प्रश्नाला ती स्प्रिंग उत्तर देत नाही. आपली ही जुनी सवय आहे. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ साली सांगितलं, की दप्तराचं वजन हा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठं ओझं न समजता शिकण्याचं आहे. आपण काय केलं? २०२० मध्ये दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको, असा नियम केला. जे काट्यावर मोजता येतं, तेवढं आपण मोजलं. हिलमन यांचा प्रश्न आठवा : रस्ता सुरक्षित केला, की मुलाला उचललं? आपण रस्ता तसाच ठेवतो.

तेव्हा मोबाइल काढून घेण्याचा उपाय आपल्या पालकांना इतका का आवडला, तेही समजतं. मोबाइल अभ्यासाच्या आड येतो. तो काढला की त्या दोन तासांत मूल मैदानावर जाईल, असं हाइट यांना वाटतं. आपल्याकडे त्या दोन तासांत आणखी एक शिकवणी लागते. पुस्तकाचा एक उपाय घेऊन आपण त्याचा हेतूच उलटा केला. फोन हे अनेक मुलांसाठी मोठ्यांची नजर नसलेलं एकमेव मैदान उरलं आहे, ही वाईट गोष्ट आहे. पण दुसरं मैदान न देता हे काढून घेतलं, तर मुलाच्या हातात काय राहणार?

सोबत आणि संरक्षण

इथे एक धोका आहे, आणि आमच्या वयाच्या माणसांना तो जास्त आहे. तो म्हणजे 'आमच्या वेळी' हा. आमच्या वेळी मुलं मोकळी होती, मार खायची, आणि बघा कशी टणक झाली! हे अर्धसत्य आहे. त्या मोकळेपणात मुली जवळपास नव्हत्या. विहिरीत बुडालेली मुलंही होती. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त, १९३५ च्या पुस्तकात, पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर धाडते. हा प्रसंग पुष्कळांना पाठ आहे, आणि पुष्कळ जण त्यातून छडीच तेवढी उचलतात. छडी आपल्याला नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ती शाळेतून घालवली, ते योग्यच केलं. त्या प्रसंगातलं घेण्यासारखं दुसरंच आहे. आपला मुलगा भित्रा राहिलेला त्या आईला चालणार नव्हता, विहिरीवर पोहणारी जाणती माणसं होती, आणि मारलं म्हणून नंतर तिच्याच डोळ्यांत पाणी येतं. श्यामला विहिरीत एकटं टाकलेलं नाही.

डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. त्यांच्या दोन कल्पना इथे मोलाच्या आहेत. पहिली, 'पुरेशी चांगली आई'. सुरुवातीला ती बाळाची प्रत्येक गरज लगेच पुरवते, आणि मग हळूहळू, बाळाला झेपेल तेवढीच, कमी पडत जाते. तिचं हे कमी पडणं बाळाच्या वाढीला लागतं. परिपूर्ण आई मिळाली, तर बाळाला जग भेटतच नाही. दुसरी कल्पना १९५८ च्या निबंधातली : एकटं राहण्याची क्षमता माणसात कुणाच्या तरी सोबतीतच तयार होते. आई खोलीत आहे, भाजी निवडते आहे, मूल कोपऱ्यात आपल्या खेळात आहे. ती त्याच्याकडे बघत नाही, सूचना देत नाही, पण आहे. त्या 'आहे'वर मूल पुढे आयुष्यभर एकटं उभं राहतं.

मराठीत यासाठी सुरेख शब्द आहे, सोबत. रात्री अंगणात जायचं असेल, तर आपण म्हणायचो, 'सोबतीला ये.' सोबत करणारा आपलं काम करत नाही, फक्त आपल्याबरोबर असतो. संरक्षण करणारा आपल्या आणि जगाच्या मधे उभा राहतो. पहिला म्हणजे आपला लाकडी पांगुळगाडा, दुसरा कांट यांचा. हाइट यांच्या पुस्तकात 'जपा' आणि 'सोडा' असे दोनच शब्द ठळक येतात. त्यांच्या मधला हा तिसरा शब्द तिथे फिका पडतो, हा आमचा शेवटचा आक्षेप.

सोबतीचं तत्त्व या मातीत रुजलेलंही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं, आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात आणि कुरणात नेली. माँटेसरी पद्धतीत मुलाच्या हातात मुद्दाम खरी, फुटणारी भांडी देतात. पडलं तर फुटेल, आणि फुटलं की मूल पुढच्या वेळी नीट धरेल. ताई जवळ असतात, पण पेला मुलाच्या हातात असतो.

एवढं बोलून थांबतो. श्रोत्यांकडून बरेच प्रश्न आले, त्यातले दोन घेऊ.

प्रश्न : "सर, हे मुलाच्या बाबतीत ठीक. पण मुलगी असेल, तर एकटी पाठवायची कशी? धोका काल्पनिक नाही ना."

ताई, तुमचं म्हणणं खरं आहे, आणि पुस्तकात याचं उत्तर मिळत नाही. धोका खरा आहे. पण 'सातच्या आत घरात' या उत्तराची किंमत कोण देतं, तेही बघू. धोका निर्माण करतो दुसराच, आणि कोंडली जाते मुलगी. पुन्हा हिलमन यांचाच प्रश्न. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली दिल्या. मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी वाढली, हे अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसलं. मुली घोळक्याने सायकलवरून जाऊ लागल्या, तेव्हा तोच रस्ता त्यांना जास्त सुरक्षित झाला. म्हणजे एका मुलीला एकटीने धैर्य दाखवायला सांगू नका. सोसायटीतल्या, वाडीतल्या चार घरांनी मिळून ठरवा. पहिला आठवडा तुम्ही बरोबर चाला, दुसरा आठवडा मागून, तिसऱ्या आठवड्यात चौघी मिळून जाऊ देत. आणि हेच धडे मुलग्यांनाही द्या. रस्ता कसा वापरायचा, हे त्यांनीही शिकायचं आहे.

प्रश्न : "आमचा नातू आधीच फार घाबरतो. शाळेत जाताना पोट दुखतं, रडतो. त्याला ढकलायचं का?"

नाही आजोबा, ढकलायचं नाही. आज आपण बोललो ते साधारण मुलांबद्दल. काही मुलांची चिंता हा आजार असतो, आणि त्याला उपचार लागतात. पोटदुखी रोजची असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि मग मानसोपचारतज्ज्ञांना. तिथेही उपचार म्हणजे भीतीची पायरी पायरीने भेट घालून देणं, एकदम उडी नव्हे. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी एक पद्धत विकसित केली. तिच्यात मुलाला उपचारकाकडे नेतच नाहीत, फक्त पालकांना शिकवतात. मुलाच्या भीतीसाठी आपण घरात केलेल्या तडजोडी एकेक करून कमी करायच्या, आणि प्रत्येक वेळी दोन गोष्टी सांगायच्या : तुला किती त्रास होतोय हे मला कळतं, आणि तू हे सोसशील असा माझा विश्वास आहे. या पद्धतीचा परिणाम मुलावर थेट केलेल्या उपचाराइतकाच चांगला आढळला आहे. आजी-आजोबांनीही यातलं एक वाक्य सोडून दुसरंच धरू नये. नुसतं 'कळतं' म्हटलं, तर मूल घरी राहतं. नुसतं 'सोसशील' म्हटलं, तर ते एकटं पडतं.

आणि घरातलं कुणी मूल, कितीही मोठं असो, जगणं नको असं बोललं, तर ते हसण्यावारी नेऊ नका, थेट विचारा आणि त्याच्याजवळ बसा. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क आहे, मराठीतही बोलता येतं. क्रमांक लिहून घ्या, फ्रिजवर लावून ठेवा.